निर्धूर चुलीचं धुराडं का तुंबतं: मराठवाड्यातली पार्श्वभूमी

धुराड्यात धुरातलं चिकट, काळं डांबर साचण्याची तक्रार मराठवाड्यात फार जुनी नाही, कारण इथे धुराडंच जुनं नाही. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात चुलीच्या वर छतालाच साणं, म्हणजे धुरासाठीचं भोक असायचं. धुराला वाट सापडली की तो तिथून जायचा, उरलेला तुळयांवर आणि सरांवर बसायचा. या काळ्या थरामुळे लाकडाला कीड लागत नाही, असं जुनी माणसं सांगायची आणि त्यात तथ्यही होतं. भाकरी थापणाऱ्या बाईच्या डोळ्यांचं काय व्हायचं, ते मात्र कुणी मोजलं नाही.

त्या घरात धुराला नळी असलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे पाणी तापवायचा तांब्याचा बंब. त्याच्या मधल्या नळीभोवती पाणी असतं, म्हणून नळीची भिंत शंभर अंशांच्या वर जाऊच शकत नाही. धुरातलं डांबर आणि पाण्याची वाफ साधारण १२० अंशांखाली चिकटायला लागतात. म्हणजे बंबाची नळी आतून काळी होणार हे ठरलेलंच. पण ती हात-दीड हात लांब, सरळ आणि वरून उघडी. आठवड्यातून एकदा काठीला चिंधी बांधून फिरवली की काजळी खाली राखेत पडते. त्यामुळे बंबाबद्दल कधी तक्रार झाली नाही.

धुराडं लावलेल्या सुधारित चुलीची कल्पना आली ती दोन बाजूंनी. १९४७ च्या सुमारास वर्ध्याला मगनवाडीत एक चूल तयार झाली. १९५३ मध्ये हैदराबादेतल्या एका अभियंत्याने बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका काढली. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, तरी त्या चुली इथल्या खेड्यांपर्यंत पोचल्याचं फारसं दिसत नाही. १९७२ च्या दुष्काळात सरपणाचेच वांधे झाले, तिथे चुलीच्या आकाराची चर्चा कोण करणार? मात्र लाकूड वाचवायला हवं, हा विचार सरकारी कागदांत त्याच दशकात पक्का झाला. पुढच्या घोळाचं मूळ तिथेच आहे.

१९८३ मध्ये केंद्राने सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू केला आणि तो २००२ पर्यंत चालला. या काळात देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्याचा हिशेब आहे. मराठवाड्यात गावोगाव दिसलेली ती मातीची दोन भांड्यांची चूल याच कार्यक्रमातली. पुढे मोठं भांडं, मागे वैल, म्हणजे जास्तीच्या उष्णतेवर चालणारं दुसरं तोंड, आणि वैलामागून भिंतीतून वर गेलेला तीन-चार इंची ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पाइप. त्याच्या टोकावर टोपी.

चूल पास की नापास, हे मुख्यतः एका आकड्यावर ठरायचं. लाकडातली किती उष्णता भांड्यात उतरते, तो हा आकडा. तीन दगडांची चूल साधारण १० टक्के देते, नव्या चुलीने किमान २० टक्के द्यावेत, अशी अट होती. कागदावर अट रास्त आहे. पण उष्णता भांड्यात अडवायची, तर ती धुरातून काढून घ्यावी लागते. पुढच्या भांड्याने घेतली, मग वैलाने घेतली, मग राहिलेला कोमट धूर बारीक पाइपात शिरला. वरून तो पाइप उघड्यावर, पौषातल्या पहाटेच्या थंडीत. डांबर चिकटायला याहून सोयीची जागा सापडणार नाही. चूल चाचणीत जितकी हुशार, तितकं तिचं धुराडं लवकर तुंबणारं. प्रयोगशाळेत ही गोष्ट लक्षात येत नाही, कारण तिथे पाइप नवा असतो आणि लाकूड वाळलेलं.

पुढे या चुली बंद पडल्या, तेव्हा अहवालांतलं वाक्य ठरलेलं होतं: 'महिला धुराडं साफ करत नाहीत.' ते खोटं नाही. ओडिशातल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर देखभालीअभावी फरक जवळजवळ पुसला गेला, असं त्यात दिसलं. पण माळवदावर चढून आठ-दहा फुटी पाइपात दोरीला बांधलेलं किंतान सोडायचं, तेही नऊवारीत, हे काम कुणाचं, हे कार्यक्रमात नीट ठरलेलंच नव्हतं. बसवणाऱ्या कारागिराला चुलीमागे पैसे मिळाले आणि तो पुढच्या गावाला गेला. पाइपाचा व्यास वाढवायचा की वैल काढून टाकायचं, हा वाद तंत्रज्ञांमध्ये चालू राहिला. व्यास वाढवला तर धूर संथ होतो, आणखी गार पडतो. वैल काढलं तर टक्केवारी घसरते. टक्केवारी सोडायला कुणी तयार झालं नाही, आणि माझ्या मते निर्णय तिथेच चुकला.

जळणाचाही वाटा आहे. लाकूडफाट्याच्या बाबतीत मराठवाडा गरीब, लातूर जिल्ह्यात तर जंगल नावालाच. चुलीत जातं ते पऱ्हाट्या, तुराट्या, धसकटं, गवऱ्या आणि वेडी बाभूळ. उन्हाळ्यात वाळलेली पऱ्हाटी भडभड जळते, धुराडं गरम ठेवते. तीच श्रावणात भिजली की दिवसभर धुमसते. नुकत्याच तोडलेल्या बाभळीत तर निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असू शकतं; वीस टक्क्यांच्या खाली ओल आल्याशिवाय ती धुराड्याच्या चुलीत घालू नये.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत माळवदाचा धसकाच बसला. दगडमातीच्या भिंती आणि मातीचं जड छत, यांखाली हजारो माणसं गेली होती. नवी घरं हलकी, पक्की, पुष्कळ ठिकाणी स्लॅबची झाली. साणं गेलं. स्लॅबला भोक पाडलं की पाऊस गळतो, म्हणून पाइप भिंतीतून आडवा काढून कोपराने, म्हणजे वळणाच्या जोडाने, वर वळवला गेला. डांबर सगळ्यात आधी जमतं ते या कोपरात.

२००२ नंतर केंद्राने जबाबदारी राज्यांवर सोडली. २००९ मध्ये नव्या चुलींचा कार्यक्रम आला, त्यातल्या पंख्याच्या चुलींना धुराडंच नव्हतं. २०१६ ची गॅसजोडणीची उज्ज्वला योजना आल्यावर चहा-भाजी गॅसवर गेली, पण सिलिंडर भरायच्या पैशांमुळे भाकरी आणि अंघोळीचं पाणी पुष्कळ घरांत चुलीवरच राहिलं. आता चूल दिवसातून दोनदा, थोडा वेळ पेटते. पाइप दर वेळी गारच असतो, त्यामुळे जमण्याचा वेग वाढलाय.

आज कुणी विचारलं, तर दुखणं ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. पेटवताना थोडा वेळ धूर तोंडाकडे आला तर पाइप फक्त गार आहे. कागदाचा किंवा पाचटाचा एक जाळ केला की ओढ धरतो. आग चांगली लागूनही धूर मागे येत असेल, तर टोपी किंवा कोपर तुंबलाय. सांध्यातून तपकिरी पाणी ओघळत असेल, तर जळण ओलं आहे. आतली काजळी भुसभुशीत असेल तर ब्रशने निघते. चकचकीत, काचेसारखा कडक थर निघत नाही, तो पाइपच बदलावा लागतो.

काही गावांत मूठभर कडबा पेटवून मुद्दाम धुराडं 'जाळून' साफ करतात. पातळ काजळीला ते चालून जातं. जाड डांबराला आग लागली तर आत हजार अंशांपर्यंत उष्णता जाते, सिमेंटचा पाइप तडकून फुटतो आणि ठिणग्या वरून उडतात. धुराडं बहुधा मागच्या अंगाला असतं, आणि कडब्याची गंजीही तिथेच.