कचऱ्यातलं पाणी

दुधी, काकडी, टोमॅटो यांच्या वजनात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. आपल्याकडच्या शहरांत घरगुती कचऱ्याचा निम्मा भाग अशा ओल्या मालाचा. म्हणजे घंटागाडी रोज डिझेल जाळून गावाबाहेर नेते त्यात पाणीच भरपूर. कचऱ्याची चर्चा निघाली की प्लास्टिकवर घसरते. माझ्या मते खरी खोडी या पाण्याची आहे.

दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने कचरा जाळणारा प्रकल्प उभा राहिला. क्षमता दिवसाला ३०० टन. काही दिवसांतच तो थंडावला. यंत्र युरोपातल्या कागद-पुठ्ठ्याच्या कचऱ्यासाठी घडवलेलं, आणि इथे आली भाजी आणि माती. किलोभर पाण्याची वाफ करायला सव्वादोन हजार किलोज्यूलहून जास्त उष्णता लागते. चुलीत ओली लाकडं घातल्यावर होतं तेच झालं.

जाळायचं नाही तर साठवायचं? ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. तिथे ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू ओल्या कचऱ्यापासून मिथेन बनवतात. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक तापवणारा, शिवाय ज्वालाग्राही. मुंबईच्या देवनार डेपोवर १९२७ पासून कचरा पडतोय; जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा धुराचा लोट उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला. उरलेलं पाणी काळं होऊन जमिनीत मुरतं. पुण्याच्या कचऱ्याने विहिरी नासल्या म्हणून उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी गाड्या अडवल्या, त्या उगाच नाही.

सुक्या कचऱ्याचं नुकसानही हेच पाणी करतं. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक दारोदार फिरतात. त्यांच्या कमाईचा एक भाग भंगार विकून येतो. कोरडी रद्दी विकली जाते, आमटीत भिजलेली नाही.

हाच ओला कचरा हवेशीर ठेवला तर मिथेनऐवजी खत होतं. जिवाणूंना नायट्रोजनच्या साधारण तीसपट कार्बन लागतो. भाजीच्या सालींत तो कमी, वाळक्या पानांत भरपूर. म्हणून घरच्या खताच्या बादलीत सालींच्या प्रत्येक थरावर पालापाचोळा हवा. तो जास्तीचं पाणीही शोषतो आणि हवेला वाट ठेवतो. परीक्षा सोपी आहे: मूठभर मिश्रण पिळा. बोटांतून एखाददुसरा थेंब आला तर उत्तम, धार लागली तर पानं वाढवा. नाकाचंही ऐका. अमोनियाचा झणका आला तर नायट्रोजन जास्त झालाय, सडक्या अंड्याचा वास आला तर हवा कोंडलीय. मोठा ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो, घरची बादली तेवढी तापत नाही. उष्णता टिकायला आकार लागतो. त्यामुळे बादलीतलं खत सावकाश होतं, एवढंच. सोसायटीचा खड्डा ‘वास येतो’ म्हणून बुजवला जातो, तेव्हा बहुतेकदा त्यात नुसतंच ओलं ओतलेलं असतं.

आणि गंमत पाहा, फेब्रुवारी-मार्चमध्ये आवारात पानांचा खच पडला की तो कोपऱ्यात पेटवतात, आणि त्याच सोसायट्या खताच्या टाकीसाठी कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या कोरड्या भुशाच्या, विटा विकत आणतात.