जेनेसिस सालवारीनं ऐकायचं तर सोबत सोलो अल्बमही घ्यावे लागतात

आमच्याकडे जळगावला गिटार वाजवणारी तीन-चार पोरं संध्याकाळी गच्चीवर जमतात, त्यातल्या एकानं परवा विचारलं, "दादा, जेनेसिस म्हणजे फिल कॉलिन्सचाच बँड ना? मग हा पीटर गॅब्रिएल मध्येच कुठून आला?" प्रश्न रास्त आहे, कारण आपल्याकडे हा इंग्लिश रॉक बँड उलटाच पोचला, आधी १९८६ च्या 'इनव्हिजिबल टच' अल्बमची चार-पाच मिनिटांची गाणी आणि त्याच्या आधीची वीस वर्षं खूप नंतर. मलाही भुसावळच्या मावसभावानं जी कॅसेट दिली होती ती तीच, आणि 'फॉक्सट्रॉट' हा त्यांचा जुना अल्बम ऐकेपर्यंत मला या माणसांचं मोठेपण कळलं नव्हतं.

तर मुळापासून सांगतो. १९६७ मध्ये इंग्लंडातल्या चार्टरहाउस शाळेतली पोरं एकत्र आली, गायक गॅब्रिएल, कीबोर्डवर टोनी बँक्स, बासवर माइक रदरफर्ड आणि गिटारवर अँथनी फिलिप्स. १९६९ चा पहिला अल्बम सोडला तरी चालेल, खरा बँड १९७० च्या 'ट्रेसपास'पासून सुरू होतो, पण त्याच वर्षी फिलिप्स गेला, त्याला स्टेजवर जायची धास्ती बसली होती. मग ड्रमर म्हणून कॉलिन्स आला. ऑडिशन गॅब्रिएलच्या आईवडिलांच्या घरी होती, कॉलिन्स लवकर पोचला म्हणून त्याला म्हणाले तोवर पोहून घे, आणि त्यानं पाण्यातूनच बाकीच्यांचं वाजवणं ऐकून तुकडे पाठ करून टाकले. लगेच १९७१ मध्ये गिटारवर स्टीव्ह हॅकेट आला आणि पाच जणांचं पक्कं झालं.

'फॉक्सट्रॉट' १९७२ चा. त्यात 'सपर्स रेडी' आहे, सात भाग, जवळपास तेवीस मिनिटं. इतकं लांब गाणं कोण ऐकणार असं पोरं म्हणतात, पण श्रावणात कानबाईच्या जागरणाला बसलेल्या माणसाला तेवीस मिनिटं म्हणजे काहीच नाही. एकातून दुसरं गाणं निघत जातं आणि रात्र कुठे गेली कळत नाही, आपल्या कानाला ती सवय आहेच, फक्त घाई करू नका.

१९७४ ला 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' हा डबल अल्बम आला, त्याच्या दौऱ्यानंतर १९७५ मध्ये गॅब्रिएल बाहेर पडला, आणि इथेच बहुतेक जण कॅटलॉग दोन भागात कापतात, अलीकडचा आणि पलीकडचा. मला ते पटत नाही. मी एका वहीत सालवारीनं सगळे अल्बम लिहिले, बँडचे निळ्या शाईनं, सोलो लाल शाईनं, आणि प्रत्येकापुढे कोणी कोणाकडे वाजवलं ते, तेव्हा दिसलं की ही माणसं तुटलेलीच नाहीत. त्याच १९७५ मध्ये हॅकेटचा पहिला सोलो 'व्हॉयेज ऑफ द अ‍ॅकोलाइट', त्यात वाजवायला कॉलिन्स आणि रदरफर्ड. १९७७ ला फिलिप्सचा 'द गीज अँड द घोस्ट', म्हणजे बँड सोडून सात वर्षं झालेल्या माणसाचा, त्यात रदरफर्ड आहे आणि दोन गाण्यांत कॉलिन्सचा आवाज. दरम्यान कॉलिन्स जेनेसिसचा गायक झाला होता, १९७६ चं 'अ ट्रिक ऑफ द टेल' ऐका, आवाज इतका जवळचा की पुष्कळांना बदल लक्षातच येत नाही. आणि त्याच वर्षी तो ब्रँड एक्स नावाच्या दुसऱ्या बँडमध्ये जॅझ-फ्यूजनही वाजवत होता. हॅकेट १९७७ ला गेला आणि तिघं उरले, बँक्सचा 'अ क्युरियस फीलिंग' १९७९ चा आणि रदरफर्डचा 'स्मॉलक्रीप्स डे' १९८० चा, दोन्ही शांत बसून ऐकायचे आहेत, त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं याचं मला वाईट वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा. १९८० ला निघालेल्या गॅब्रिएलच्या तिसऱ्या सोलो अल्बमला लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ड्रम वाजवायला कोण, तर कॉलिन्स. गॅब्रिएलनं अट घातली, सिंबल्स, म्हणजे ड्रमसोबतच्या झांजा, नकोत. इंजिनियर ह्यू पॅडगॅम, त्यानं खोलीतल्या बोलायच्या माइकमधून ड्रमचा आवाज दाबून घेतला आणि गेट, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की बंद करणारं यंत्र, लावून त्या आवाजाची शेपूट तोडली. 'इंट्रूडर' हेडफोन लावून ऐका, ड्रमचा ठोका पडतो, खोलीभर फुगतो आणि विरायच्या आत कापला जातो, दार आपटावं आणि मागे अजिबात गुणगुण राहू नये तसा. मी मे महिन्यात लाइट गेलेली असताना पहिल्यांदा ऐकलं होतं, इतक्या उकाड्यात अंगावर काटा आला. तोच आवाज पॅडगॅमला सोबत घेऊन कॉलिन्सनं १९८१ च्या 'फेस व्हॅल्यू'वर 'इन द एअर टुनाइट'मध्ये नेला आणि तिथून जेनेसिसच्या 'अबाकॅब'मध्ये. म्हणजे ऐंशीच्या दशकातलं जेनेसिस ज्या ड्रमवर उभं आहे तो ड्रम बँड सोडून गेलेल्या माणसाच्या अल्बमवर सापडला. हे कळल्यावर गॅब्रिएलचं जेनेसिस आणि कॉलिन्सचं जेनेसिस असे दोन गट कसे करणार?

१९८२ मध्ये गॅब्रिएलनं वोमॅड महोत्सव काढला, जगभरचे कलाकार बोलावले आणि कर्जात बुडाला. २ ऑक्टोबरला इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सला जुने साथीदार त्याचं कर्ज फेडायला एकत्र स्टेजवर उभे राहिले, शेवटी हॅकेटही आला, धो धो पावसात. ते कर्ज फेडलं म्हणूनच वोमॅड टिकला असं मला वाटतं, आणि पुढे रियल वर्ल्ड लेबल निघालं, १९९० मध्ये नुसरत फतेह अली खानचं 'मस्त मस्त' तिथूनच आलं. गॅब्रिएलच्या १९८९ च्या 'पॅशन' अल्बममध्ये एल. शंकरचं व्हायोलिन आणि नुसरतचा गळा आहे, घरात ज्यांना रॉक चालत नाही त्यांना इथून सुरुवात करून द्या, माझ्या आईनं तो पूर्ण ऐकला.

१९९६ ला कॉलिन्सही गेला, रे विल्सन गायक घेऊन १९९७ ला 'कॉलिंग ऑल स्टेशन्स' आला, एकदा ऐकून ठेवा. जेनेसिसचा शेवटचा शो २६ मार्च २०२२ ला लंडनला झाला, कॉलिन्स खुर्चीत बसून गायला, ड्रमवर त्याचा मुलगा आणि प्रेक्षकांत गॅब्रिएल.

२०२३ मध्ये गॅब्रिएलनं 'आय/ओ' अल्बमची गाणी दर पौर्णिमेला एकेक सोडली. पहिलं आलं ६ जानेवारीला, पौष पौर्णिमेला, कडाक्याची थंडी, आम्ही सगळे शाली गुंडाळून गच्चीवर बसलो होतो. बासवर टोनी लेविन, १९७७ च्या पहिल्या सोलोपासून सोबत असलेला, आणि हाच लेविन १९८१ पासून किंग क्रिमसन या दुसऱ्या इंग्लिश रॉक बँडमध्येही वाजवायचा. प्रश्न विचारणाऱ्या पोराला मी हे परवा सांगितलं, तर त्यानं माझी वही ओढून घेतली, नवीन पान काढलं आणि वर किंग क्रिमसन लिहून रेघ मारली.