घरकुल मंजूर झालं, पण जागाच नाही: अर्ज कुठे करायचा, कोणते कागद लागतात

घरकुलाच्या यादीत नाव आलं की घरी आनंद होतो. मग एक दिवस पंचायत समितीचे गृहनिर्माण अभियंता येतात, पडक्या घरापुढे घरातल्या बाईला उभं करून मोबाईलवर फोटो काढतात आणि म्हणतात, "आता नवीन घर जिथे बांधणार ती जागा दाखवा." पुष्कळ कुटुंबांचं घोडं इथेच अडतं. सध्याचं घर आणि बांधकामाची जागा, दोन्हींचा जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो सरकारी प्रणालीवर चढल्याशिवाय पुढचं पान उलटत नाही. ज्याच्या नावावर हातभर जमीन नाही, त्याने काय दाखवायचं?

ही माहिती खास त्या माणसासाठी आहे. ती महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागापुरती आहे. शहरांचे नियम वेगळे.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या पैशात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. भूमिहीन लाभार्थ्याला जागा मिळवून देण्याची जबाबदारी मात्र योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनीच राज्यावर टाकली आहे. म्हणजे जागा मागायला जाणं ही कुणाची मेहेरबानी मागणं नाही, हे आधी मनात पक्कं करा. अडचण येते ती वेगळीच. घरकुल ग्रामविकास विभागाचं, सरकारी जमीन महसूलची, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे. हे सगळे आपापल्या ठिकाणी बरोबर असतात आणि फाईल मधल्यामध्ये पडून राहते. तिचा पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो, म्हणून कोणता कागद कोणत्या टेबलावर आहे हे ठाऊक हवं.

आधी यादी तपासा

पंतप्रधान आवासची पात्रता २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणातून, नंतर २०१८ च्या आवास प्लस यादीतून ठरत आली. योजनेला २०२८-२९ पर्यंत मुदतवाढ मिळाली, तेव्हा २०२४ च्या आवास प्लस ॲपवर नवं सर्वेक्षण घेण्यात आलं. आपलं नाव कोणत्या यादीत आहे ते ग्रामपंचायतीत विचारा आणि लाभार्थी क्रमांक लिहून घ्या. पुढे प्रत्येक ठिकाणी तोच लागतो.

नव्या निकषांत थोडी सूट मिळाली. दुचाकी, फ्रीज किंवा लँडलाइन फोन घरात आहे म्हणून आता नाव कापलं जात नाही. तीन-चाकी वा चारचाकी वाहन किंवा तशी शेतीची यंत्रं, ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, घरात सरकारी नोकर, महिना १५,००० रुपयांच्या वर कमावणारी व्यक्ती, आयकर किंवा व्यवसाय कर भरणं, नोंदणीकृत बिगरशेती व्यवसाय, अडीच एकर किंवा जास्त बागायत, पाच एकर किंवा जास्त जिरायत, यांतलं काहीही असलं तर मात्र कुटुंब अपात्र ठरतं.

या यादीत नाव नसेल तर राज्याच्या योजना आहेत: अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी, विमुक्त व भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गासाठी २०२३ साली आलेली मोदी आवास. मोदी आवासला वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजारांच्या आत आणि राज्यात किमान १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. या योजनांचा निधी सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण अशा वेगवेगळ्या विभागांचा. ग्रामीण भागात त्या राबवण्याची साखळी मात्र एकच: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा. म्हणून कोणतीही योजना असो, सुरुवात ग्रामपंचायतीतून करायची. अनेक जण थेट जिल्ह्याला जाऊन दिवसाची मजुरी बुडवतात आणि "तालुक्याचं पत्र आणा" एवढं ऐकून परत येतात.

जागेचे मार्ग

पहिला मार्ग विकतच्या जागेचा. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना २०१५ च्या अखेरीस सुरू झाली. तेव्हा ५०,००० रुपयांपर्यंत मदत मिळायची, आता ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी १ लाख रुपयांपर्यंत मिळते. जागेची प्रत्यक्ष किंमत त्याहून कमी असेल तर तेवढीच. घरकुलाला पात्र असणं आणि स्वतःची जागा नसणं, या दोन मुख्य अटी. अर्ज ग्रामपंचायतीमार्फत गटविकास अधिकाऱ्यांकडे जातो आणि तिथून प्रस्ताव जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेकडे.

इथे एक खाचखळगा आहे, तो नीट समजून घ्या. शेतकरी अर्धा गुंठा विकायला तयार होतो, सौदा ठरतो, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कळतं की तुकडेबंदी कायद्यामुळे (शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणारा कायदा) एवढ्याशा तुकड्याचं खरेदीखत नोंदवता येत नाही. विसार म्हणून दिलेले पैसे मग अडकून बसतात. यावर मार्च २०२४ मध्ये नियम बदलला. ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्याला १,००० चौरस फुटांपर्यंतची जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने खरेदी करता येते. तेव्हा शेतजमिनीचा तुकडा घेणार असाल तर आधी ही मंजुरी, मग विसार. क्रम उलटा करू नका.

दुसरा मार्ग, वर्षानुवर्षं सरकारी जागेवर राहत असाल तर. १६ फेब्रुवारी २०१८ च्या शासन निर्णयाने १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणं नियमानुकूल, म्हणजे कायदेशीर, करण्याची वाट दिली. पुरावा त्या तारखेच्या आधीचा हवा: जुनी घरपट्टी पावती, वीजबिल, मतदारयादीतलं नाव. ट्रंकेच्या तळाशी कापडात गुंडाळून ठेवलेली २००९ सालची घरपट्टीची पावती इथे सोन्याच्या मोलाची ठरते. जागा गायरान असेल तर काम अवघड आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश राज्यांना दिले आहेत. वनजमिनीचा कायदा तर निराळाच. अशा वेळी "होऊन जाईल" म्हणणाऱ्याच्या भरवशावर बसू नका, पहिल्या मार्गाचा अर्ज सोबतच टाका.

वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर घरजागा असेल तर तिसरी आणि सगळ्यांत सोपी वाट: बक्षीसपत्र किंवा वाटणी करून आपला हिस्सा नावावर घ्यायचा. नुसतं तोंडी "इथे बांध" म्हणणं पुढे भावाभावांत भांडण लावतं.

कागद

आधार कार्ड, आधार जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक, रेशन कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, ग्रामपंचायतीचा घराचा नमुना आठचा उतारा, आणि पक्कं घर नसल्याचं स्वयंघोषणापत्र हे जवळपास सगळीकडे लागतं. राज्याच्या योजनांना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा जास्तीचा. जागा खरेदीसाठी विकणाऱ्याचा सातबारा किंवा मालमत्ता उतारा, त्याचं संमतीपत्र आणि जागेचा नकाशा जोडा.

नावं जुळतात का ते स्वतः बघा. आधारवर "बाळासाहेब", पासबुकावर "बाळू" आणि जॉबकार्डावर तिसरंच काही, एवढ्यावरून हप्ता महिनोन् महिने अडकलेला मी पाहिला आहे. बिचाऱ्याचं जोतं पूर्ण होऊन त्यावर गवत उगवलं होतं. दुरुस्ती करायची ती मंजुरीच्या आधी करा. घरकुल पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर होतं, त्यामुळे तिचेही सगळे कागद तितकेच चोख हवेत. लग्नाआधीच्या नावाचं आधार असेल तर तेच सर्वांत आधी बदला.

पैसे कसे येतात

सपाट भागात १,२०,००० रुपये, डोंगराळ व दुर्गम भागात १,३०,०००. पहिला हप्ता १५,००० रुपयांचा. पुढचे हप्ते जोतं, भिंती, छत असं काम पुढे सरकेल तसे, दर टप्प्याचा फोटो चढल्यावर थेट खात्यात. याखेरीज शौचालयाचे १२,००० आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, जी २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८,००० च्या आसपास जाते. ही मजुरी हजेरीपत्रक निघालं तरच मिळते, म्हणून पाया खोदायच्या आधीच ग्रामरोजगार सेवकाकडे मागणी नोंदवा. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने पंतप्रधान आवासच्या दुसऱ्या टप्प्यातल्या, म्हणजे मुदतवाढीनंतरच्या, घरकुलांना आणखी ५०,००० जाहीर केले: ३५,००० बांधकामाला, १५,००० छतावरच्या सौर संचाला. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं, स्वयंपाकाच्या जागेसकट. वाळू पाच ब्रासपर्यंत मोफत मिळते, तिची मागणी तहसील कार्यालयात.

फाईल अडली तर

अर्ज दिला की पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. ग्रामसभेत आपलं नाव वाचलं गेलं का ते ठरावाच्या नकलेवरून तपासा. नाव चुकीने वगळलं असेल तर आधी गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी हरकत आणि नंतर जिल्हास्तरीय अपील समिती. जागेच्या अर्जावर हालचाल नसेल तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना किंवा आपले सरकार पोर्टलवर तक्रार करता येते, तिचा क्रमांक जपून ठेवा. घरकुलासाठी कुठल्याही टप्प्यावर कुणाला पैसे द्यायचे नसतात. पहिल्या हप्त्यातून "खर्च" मागणारा भेटलाच तर त्याचं नाव आणि तारीख त्याच तक्रारीत लिहा.