देव फक्त देवळातच भेटतो का?

कामाच्या धबडग्यात देव भेटत नाही, त्यासाठी मठातच जायला हवं, असा समज कॅथलिक कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. ही ख्रिस्तसभेची, म्हणजे चर्चची, शिकवण नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली स्पष्ट सांगितलं: पावित्र्याचं पाचारण सगळ्यांना आहे आणि संसारी माणसाने ते आपल्या रोजच्या कामातूनच जगायचं आहे.

आणि मठात तरी निवांतपणा कुठे होता! फ्रान्समधल्या कार्मेल मठात राहिलेली बालयेशूची संत तेरेजा लिहिते, की कपडे धुताना समोरची भगिनी (नन) घाण पाणी थेट तिच्या तोंडावर उडवायची. तिला वाटलं, मागे सरून चेहरा पुसावा, म्हणजे त्या भगिनीला कळेल. तिने पुसला नाही. ते शिंतोडेच तिने देवाला वाहिले. मला हा प्रसंग तिच्या कुठल्याही दर्शनापेक्षा जवळचा वाटतो.

चिडचिड झाली म्हणजे देव दुरावला, हाही गैरसमजच. भावना आपोआप उसळते, ती मुळात पुण्यही नाही आणि पापही. पुढे आपण काय करतो यावर सगळं ठरतं. पण रोजच्या कामात देव भेटतो म्हणून मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, चुकवायची असं मुळीच नाही. तिथे अर्पण होणारी भाकर आणि द्राक्षारस 'मानवी श्रमाचं फळ' म्हणूनच वेदीवर येतात.