ताकद परत आली, वेग अजून यायचाय

अठरा वर्षांचा, १९२ सेंटिमीटर उंच आणि ९२ किलो वजनाचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. मांडीमागचा स्नायू फाटल्यावर तीन आठवड्यांत तो जिममध्ये पुन्हा पूर्वीच्या वजनाचे स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन बैठका, मारू लागतो. चौथ्या आठवड्यात सामन्यात उतरतो, घरंगळत जाणारा चेंडू उचलायला भरधाव वेगात वाकतो आणि तीच मांडी धरून खाली बसतो. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत ‘फूटी’त, हा प्रकार जुनाच आहे. त्यात सर्वाधिक फसतात ती अंगाने दणकट मुलं. बरी व्हायच्या आधीच ती बरी दिसू लागतात.

या खेळाचं मैदान लंबगोल असतं. लांबी १३५ ते १८५ मीटर, रुंदी ११० ते १५५ मीटर. मेलबर्नचं एमसीजी आपल्याला बॉक्सिंग डे कसोटीमुळे ठाऊक असतं. तिथेच सप्टेंबरअखेर फूटीचा अंतिम सामना होतो. एका संघाचे १८ जण मैदानात, ऑफसाइड नाही, त्यामुळे धक्का कुठल्याही दिशेने बसतो. २० मिनिटांचे चार डाव आणि थांबलेल्या वेळेची भरपाई मिळून खेळ दोन तासांच्या आसपास रेंगाळतो. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात १२ ते १५ किलोमीटर धावतो. मधूनमधून जीव तोडून पळणं, उंच उडी मारून चेंडू झेलणं, गड्याला कवळा घालून पाडणं आणि पन्नास मीटरपर्यंत लाथ मारणं आलंच. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये १९९२पासून दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. त्या यादीत हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंचा गट, वर्षानुवर्षं वरच्या जागी आहे.

हा स्नायू फाटतो तो बहुधा जोर लावताना नाही, ब्रेक लावताना. पूर्ण वेगात धावताना पाय पुढे झेपावतो, नडगी गुडघ्यातून सरळ होऊ लागते आणि पाऊल जमिनीला टेकायच्या क्षणभर आधी तिला आवरायचं काम मांडीमागच्या बाहेरच्या बाजूच्या लांब स्नायूवर येतं. तो ताणला जात असतानाच आकसायचा प्रयत्न करतो. आवरायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे कमाल वेगाच्या ८० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर जाताना वेग फक्त चतुर्थांशाने वाढतो, पण गतिज ऊर्जा सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते. ‘ऐंशी टक्क्यांवर काही दुखलं नाही’ या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

आता स्क्वॉटचं पाहू. खाली बसताना खुबा आणि गुडघा एकदमच दुमडतात. हॅमस्ट्रिंग एका टोकाला ताणला जातो, दुसऱ्या टोकाला सैल होतो आणि त्याची एकूण लांबी जेमतेम बदलते. म्हणजे जो व्यायाम त्या मुलाला ‘मी फिट आहे’ असं सांगतो, तो दुखऱ्या भागाची परीक्षाच घेत नाही. दुखापतीनंतर तिथे व्रणाची ऊती तयार होते, स्नायूच्या तंतूंचे जुडगे आखूड राहतात आणि ताणलेल्या अवस्थेत मेंदू त्या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही. भरदार मांडीचा मुलगा ही उणीव पुढच्या मांडीने आणि पार्श्वभागाने भरून काढतो. बाहेरून काहीच कळत नाही.

तरुण खेळाडूत एक गोष्ट आधी तपासावी लागते. ज्या हाडावर आपण बसतो तिथे हॅमस्ट्रिंगची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, चिकटलेली असते आणि तिथला वाढीचा भाग काही मुलांत विशी गाठेपर्यंत पक्का जुळलेला नसतो. प्रौढाचा स्नायू फाटेल अशा झटक्याने मुलाच्या हाडाचा तुकडाच निघू शकतो. ‘टक्’ आवाज आला, दुखणं मांडीच्या मध्यावर नसून थेट बसण्याच्या हाडावर आहे आणि बसवत नाही, तर आधी क्ष-किरण फोटो. तुकडा निघालेला असताना मांडी ताणायचे व्यायाम देणं म्हणजे जखम उघडत राहणं. स्नायूच्या आतून जाणारी कंडरा फाटली असेल तर तेही एमआरआयमध्ये दिसतं. अशी दुखापत साध्या फाटण्यापेक्षा जास्त आठवडे मागते.

साधी फाटच असेल तर फार थांबू नये. मांडी किंवा पोटरीचा स्नायू फाटलेल्या हौशी खेळाडूंवर डेन्मार्कमध्ये झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या दिवशी व्यायाम सुरू केलेल्यांना खेळात परतायला सुमारे ६३ दिवस लागले, नवव्या दिवशी सुरू केलेल्यांना ८३. सुरुवात अगदी साधी असते: पाठीवर झोपून, टाचा टेकवून कंबर उचलायची आणि ३० सेकंद धरायची, असं पाच वेळा. व्यायाम करताना दहापैकी चारपर्यंतचं दुखणं चालतं, असा अलीकडचा अनुभव आहे. शून्य वेदनेची वाट पाहणाऱ्यांपेक्षा अशांची ताकद बरी परत येते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दुखणं वाढलेलं नसावं.

पुढची पायरी एका पायावर. सुमारे ६० सेंटिमीटर उंच खोक्यावर एक टाच ठेवायची, गुडघा किंचित वाकलेला, दुसरा पाय हवेत, आणि कंबर वर-खाली. वीसच्या आत दम संपला तर कच्चा, पंचवीस ठीक, तीसच्या वर चांगला. ही चाचणी फूटीच्या खेळाडूंवरच पारखलेली आहे आणि तिला खर्च काही नाही.

त्यानंतर रोमेनियन डेडलिफ्ट: गुडघे थोडेच वाकवून, पाठ सरळ ठेवून, तीन सेकंद घेत बार खाली न्यायचा. सहा ते आठचे तीन सेट. त्याच्या जोडीला नॉर्डिक, म्हणजे गुडघ्यांवर उभं राहायचं, कुणीतरी घोटे दाबून धरायचे आणि अंग पुढे झुकवत जमेल तितकं हळू खाली जायचं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २१० खेळाडूंचा नॉर्डिक करतानाचा जोर यंत्रावर मोजला. हंगामपूर्व सरावाच्या सुरुवातीला २५६ न्यूटनपेक्षा (न्यूटन हे जोराचं एकक) कमी जोर असलेल्यांना हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीचा धोका २.७ पट निघाला. सराव संपतानाही २७९ न्यूटनच्या खाली राहिलेल्यांना ४.३ पट. डाव्या-उजव्या पायातला फरक मात्र तितका बोलका ठरला नाही. नॉर्डिकचं प्रमाण थोडंच पुरतं. पहिले दोन आठवडे चांगला भार दिल्यावर पुढे आठवड्यातून एकदा चारचे दोन सेट केले तरी तंतूंची लांबी आणि ताकद वाढते. बहुतेक मुलं चुकतात ती कमरेत वाकून. छाती खाली जाते, कंबर मागेच राहते आणि सगळं काम सोपं होऊन जातं. दुसरी चूक वेळेची. सामन्याच्या आदल्या दिवशी नॉर्डिक केलं तर मांडी ठणकत मैदानात उतरावं लागतं.

पण हे सगळं धावण्याची तयारी आहे, धावणं नव्हे. कमाल वेगाला हॅमस्ट्रिंगवर जो भार येतो तो जिममधल्या कुठल्याही व्यायामाने तयार होत नाही. तो वेगातूनच मिळतो, म्हणून वेगाकडे टप्प्याटप्प्याने जावं. ६० मीटरची पट्टी आखावी. पहिल्या २० मीटरमध्ये वेग घ्यायचा, मधल्या २० मध्ये टिकवायचा, शेवटच्या २० मध्ये सोडायचा. सहा ते आठ फेऱ्या. अर्ध्या वेगाने सुरुवात, दुसऱ्या सकाळी मांडी आखडली नसेल तर पुढच्या वेळी साधारण दहा टक्के जास्त. दोन वेगाच्या सत्रांत ४८ तास. नव्वद टक्क्यांच्या पुढे गेल्यावर वेग घ्यायची आणि थांबायची पट्टी २० वरून १५ आणि मग १० मीटर करावी, कारण सामन्यात थांबायला तेवढी मोकळीक कुणी देत नाही. व्यावसायिक संघांत दोन खांद्यांमध्ये जीपीएसचं यंत्र असतं. शाळकरी संघाला मोबाइलवरचं चित्रण पुरतं: मधले २० मीटर २.५ सेकंदांत म्हणजे ताशी २८.८ किलोमीटर. दुखापतीपूर्वीच्या कमाल वेगाच्या ९५ टक्के वेग दोन-तीन वेगवेगळ्या सत्रांत गाठल्याशिवाय सामना नको, असं आमचं मत आहे. एकदा गाठणं हा अपघात असू शकतो.

सरळ धावण्यात जे जमतं ते वाकून चेंडू उचलण्यात जमेलच असं नाही. कमरेत वाकलं की हॅमस्ट्रिंग वरच्या टोकाकडूनही ताणला जातो. म्हणून आधी थांबलेला चेंडू चालत उचलायचा, मग हलक्या धावेत, मग लांब जाणारा चेंडू पूर्ण वेगात. लाथेचंही तसंच: २० मीटरच्या वीस, मग अंतर, मग संख्या, दोन्ही एकदम कधीच वाढवायचं नाही. जांघेतले स्नायू इथे कुरकुरतात, आणि तरुण फूटीपटूंत जांघेचं दुखणं चिवट असतं. धडक आणि पाडापाडी आधी गादीवर, मग गुडघ्यांवर बसलेल्या जोडीदाराशी, मग चालत, मग खरीखुरी.

आता वजन. पळता येत नाही तर निदान अंग तरी कमाव, हा सल्ला दुखापतग्रस्त मुलाला हमखास मिळतो. सहा आठवड्यांत चार किलो वाढवलेला मुलगा परततो तेव्हा प्रत्येक वळणावर, उडीनंतरच्या प्रत्येक टेकणीला चार किलो जास्त आवरायचे असतात, आणि कंडरा व हाडं स्नायूंइतक्या लवकर तयार होत नाहीत. वजन दुखापतीपूर्वीच्या आसपास ठेवावं. जेवणही तोडू नये. दिवसाला दर किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ९२ किलोला सुमारे १५० ते २०० ग्रॅम. मेलबर्नमधल्या मराठी घरांत मुलं फूटी खेळू लागली आहेत, म्हणून सांगायला हवं: वाटीभर वरणातून पाच-सहा ग्रॅमच मिळतात. शाकाहारी मुलाला दही, पनीर, सोया यांची ठरवून भर घालावी लागते. झोप आठ ते दहा तास.

या वयात खरी गफलत हिशेबाची होते. मुलगा शाळेकडून खेळतो, १८ वर्षांखालच्या लीगमध्ये खेळतो, राज्याच्या संघातही असतो. तीन प्रशिक्षक, आणि बेरीज कुणीच करत नाही. व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू घेतात ती नोव्हेंबरमधली निवड डोक्यावर असते, त्यामुळे मुलगाही बोलत नाही. उपाय वहीचा आहे. प्रत्येक सरावानंतर किती जड गेलं ते दहापैकी आकड्यात लिहायचं आणि मिनिटांनी गुणायचं. सात गुणिले ९० म्हणजे ६३०. आठवड्याची बेरीज अचानक दीडपट झाली तर थांबून विचार करायचा. या आकड्यांवरून दुखापतीचं भाकीत करणाऱ्या सूत्रांवर संशोधकांत बरेच वाद आहेत, म्हणून वही इशाऱ्यापुरतीच मानावी.

गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा पुढचा अस्थिबंध (एसीएल) तुटला असेल तर यातलं कुठलंच वेळापत्रक लागू नाही. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितकी दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीची शक्यता सुमारे निम्म्याने घटते, असं नॉर्वेतल्या अभ्यासात दिसलं. विशीच्या आतल्यांना तर पुन्हा तुटण्याचा धोका आधीच जास्त. आणि काही दुखापतींवर व्यायामापेक्षा नियम प्रभावी ठरतो. मध्यावर उसळलेल्या चेंडूसाठी उंच उडणारे खेळाडू, म्हणजे ‘रकमन’, लांबून धावत येऊन एकमेकांच्या गुडघ्यावर आदळत. २००५ साली त्यांची धाव दहा मीटरच्या वर्तुळात बांधली आणि गुडघ्याच्या मागच्या अस्थिबंधाच्या दुखापती घटल्या.

पहिला सामना शक्यतो खालच्या संघातून आणि अर्धाच वेळ खेळावा. पुन्हा फाटण्याचा धोका परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो आणि नेमकं तेव्हाच व्यायाम सोडले जातात. सामना शनिवारी असेल तर नॉर्डिक सोमवारी किंवा मंगळवारी, वेगाच्या चार-पाच धावा बुधवारी, गुरुवारी संघाचा हलका सराव. परीक्षेमुळे किंवा सुट्टीमुळे दोन आठवडे पूर्ण वेगात पळणं झालं नसेल, तर थेट सामन्यात न जाता ६० मीटरच्या पट्टीवर परत यावं आणि ८० टक्क्यांपासून पुन्हा चढावं.