जड मोटारसायकलचा नवा टायर: रुंदी पाहावी की रबर?

रॉयल एनफील्डच्या इंटरसेप्टर 650 या गाडीला मागे 130/70 आर 18 मापाचा, म्हणजे 130 मिलिमीटर रुंद, टायर येतो. तो झिजला की अनेक मालक त्या जागी 140 चा, काही तर थेट 150 चा टायर बसवून घेतात. गाडी भरदार दिसते हे खरे. पण ‘रुंद टायर म्हणजे जास्त पकड’ हे जे कारण हमखास सांगितले जाते, ते भौतिकशास्त्राच्या कसोटीवर फारसे टिकत नाही.

टायर जमिनीला किती टेकतो, हे मुख्यतः त्याच्यावरचे वजन आणि आतल्या हवेचा दाब यांवर ठरते. गाडी आणि स्वार मिळून मागच्या चाकावर 150 किलो भार येतो असे धरू. हवा 32 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो दाबाने भरलेली असेल, तर हा भार पेलायला 67 चौरस सेंटिमीटरच्या आसपास ठसा पुरतो. टायरच्या कडकपणामुळे या आकड्यात थोडाफार फरक पडतो, पण टायर रुंद केल्याने ठशाचे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. तो आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. पावसाळ्यात ही आखूड लांबी तोट्याचीच, कारण पाणी बाजूला सारायला रबराला मिळणारा वेळ तिच्यावरच अवलंबून असतो. शिवाय मूळ अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि वळणावर टेकण्यासाठी दिलेला गोलवा बिघडतो.

मग पकड येते कुठून? घर्षण केवळ दाबणाऱ्या बलावर अवलंबून असते, हा शाळेतला नियम रबराला नीट लागू होत नाही. रबराच्या पकडीचे दोन भाग असतात. पहिला आसंजनाचा: रबराचे रेणू खडीच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात आणि सुटतात. मध्ये पाण्याचा पातळ थर आला की हा भाग जवळजवळ निकामी होतो. दुसरा भाग अधिक विलक्षण आहे. डांबरातून डोकावणाऱ्या खडीच्या टोकावरून सरकताना रबर दबते आणि टोक पुढे गेले की पूर्ववत होते, परंतु जरा उशिराने. या उशिरामुळे टोकाच्या एका अंगाला रबराचा दाब जास्त पडतो आणि दुसऱ्या अंगाला कमी. हा फरक म्हणजेच घसरण्याला होणारा विरोध. रबर तत्क्षणी पूर्ववत झाले असते, तर दोन्ही अंगांच्या दाबांनी एकमेकांना रद्द केले असते आणि ओल्या घाटात ब्रेक लावणे अशक्य झाले असते. पावसातली आपली सुरक्षितता रबराच्या या आळसावर उभी आहे, असे म्हटले तरी चालेल.

हा आळस वेगावर आणि तापमानावर अवलंबून असतो, आणि या दोहोंचे नाते चिक्कीच्या पाकासारखे आहे: कोमट पाक हळू ओढला तर ताणतो, झटका दिला तर थंड पाकासारखा तुटतो. रबरालाही झपाट्याने दाबणे म्हणजे त्याला थंड करण्यासारखेच असते. विल्यम्स, लँडेल आणि फेरी या संशोधकांनी 1955 मध्ये हे नाते समीकरणात बसवले आणि ग्रॉश यांनी 1963 मध्ये रबराच्या घर्षणालाही ते लागू पडते हे प्रयोगाने दाखवले. आता आकडे पाहू. रबर रस्त्यावर सेकंदाला एक मीटर वेगाने सरकत असेल आणि खडीचे उंचवटे एक मिलिमीटर अंतरावर असतील, तर ते सेकंदाला हजार वेळा दबते. उंचवटे याच्या शंभरपट बारीक असतील तर लाख वेळा. उलट ताशी 90 किलोमीटर वेगाने फिरणारे चाक सेकंदाला जेमतेम बारा-तेरा फेरे घेते आणि तेवढ्याच वेळा टायरचा प्रत्येक भाग वाकून सरळ होतो. पहिल्या ठिकाणी ऊर्जा भरपूर खर्च व्हावी, कारण ती पकड. दुसऱ्या ठिकाणी कमीत कमी खर्च व्हावी, कारण ती इंधनाची नासाडी. म्हणून प्रयोगशाळेत सेकंदाला दहाएक आवर्तने देऊन रबर दोन तापमानांना तपासतात: शून्य अंशांच्या मापावरून ओल्या पकडीचा अंदाज येतो, 60 अंशांच्या मापावरून लोळण्याच्या विरोधाचा, म्हणजे चाक फिरताना वाया जाणाऱ्या ऊर्जेचा.

निव्वळ कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) घातलेल्या रबरात या दोन मागण्या एकत्र पुरवणे अवघड जाते. त्याऐवजी सिलिका (वाळूत असते ते द्रव्य, बारीक पुडीच्या रूपात) घातली आणि सिलेन या रसायनाने ती रबराशी बांधली, तर 60 अंशांचा अपव्यय घटतो आणि शून्य अंशांचा टिकून राहतो. मिशेलिनने 1992 मध्ये मोटारींसाठी असा टायर बाजारात आणला. आज लांबच्या प्रवासासाठीच्या चांगल्या टूरिंग टायरमध्ये सिलिका सर्रास असते.

आंबोली किंवा ताम्हिणीच्या पावसात जाणाऱ्याने शर्यतीचा मऊ टायर घेऊ नये, तो याच कारणाने. त्याचे रबर तापल्यावरच खुलते, आणि भिजलेल्या घाटात ते तापतच नाही. पुणे-कोल्हापूर महामार्गावर सरळ रेषेत पळणाऱ्यांनी मधोमध कडक आणि कडांना मऊ असा दुहेरी कंपाउंडचा (दोन प्रकारच्या रबर मिश्रणांचा) टायर पाहावा. मधला भाग लवकर सपाट होत नाही.

नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजण्यात मात्र अर्थ नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. दर आठवड्याला, टायर थंड असताना दाब तपासणे याहून मोलाचे. नव्या टायरखाली लिंबू चिरडणाऱ्यांनी पूजा झाल्यावरही पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपूनच चालवावे, कारण नवा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि तो रस्त्यावरच खरवडला जातो.

टायर मूळ मापाचा घ्यावा आणि भारांक (टायर किती भार पेलतो तो आकडा) व कमाल वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नसावे. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटर, व्ही म्हणजे 240. आऱ्यांच्या चाकाला ट्यूब लागते का, हे आधी विचारावे. मग साइडवॉलवरचे, म्हणजे टायरच्या बाजूवरचे, उत्पादनाच्या तारखेचे चार आकडे वाचावेत: 2325 म्हणजे 2025 सालचा तेविसावा आठवडा. ‘टायर कोराच आहे’ असे दुकानदार म्हणेल, आणि ते खरेही असेल. पण फळीवर पडून राहिलेल्या रबरावरही ऑक्सिजन आणि ओझोन यांचे काम चालूच असते आणि रबर कडक होत जाते. चार-पाच वर्षांपूर्वीचा आकडा दिसला, तर दुसरा नग मागावा.