सुका, तुबा आणि बिबिंगका: फिलिपिन्सच्या प्रांतोप्रांतीच्या चवींची पार्श्वभूमी

फिलिपिन्समधल्या साध्या खाणावळीत टेबलावर एक बाटली हमखास असते. आत फिकट, किंचित गढूळ पाणी आणि त्यात बुडालेल्या बारीक मिरच्या, लसणाच्या पाकळ्या, आल्याचे काप. हे 'सुका', म्हणजे व्हिनेगर. हा शब्द मलायमधल्या 'चुका'वरून आला आणि मलायमधला 'चुका' संस्कृत 'चुक्र'वरून. मंडईतून आपण आंबटचुक्याची जुडी आणतो, तो चुका याच घराण्यातला. तिथल्या लोणच्याला 'आचारा' म्हणतात, ते तर उलगडून सांगायलाही नको.

स्पेनची सत्ता तिथे 333 वर्षं होती आणि त्यानंतर जवळपास अर्धं शतक अमेरिकेची. त्यामुळे फिलिपिनो जेवण म्हणजे स्पॅनिश, चिनी आणि अमेरिकी उरलंसुरलं एकत्र केलेली खिचडी, असं सर्रास लिहिलं जातं. मला हे वर्णन आळशीपणाचं वाटतं. 7,641 बेटांच्या या देशात प्रत्येक प्रांताचं आंबट वेगळं आहे. उत्तरेत उसाचं व्हिनेगर, मधल्या बेटांवर माडीचं, खाडीकाठी निपा पामच्या रसाचं. हे आंबट धरून चाललं की कुठला पदार्थ कुठल्या मातीतला, हे आपोआप कळत जातं.

मिंडानाओ बेटावर बुतुआनजवळ पुरातत्त्व उत्खननात माशांच्या हाडांबरोबर ताबोन-ताबोन नावाच्या फळाची कापलेली अर्धुकं सापडली आहेत. हे अवशेष स्पॅनिश येण्याच्या कित्येक शतकं आधीचे. ते फळ आजही तिथे 'किनिलाव'मध्ये पिळतात. किनिलाव म्हणजे ताज्या कच्च्या माशाचे तुकडे, व्हिनेगर, आलं, कांदा, मिरची. विस्तव लागत नाही, आंबटानेच मासा पांढरा पडतो. 1521 साली मॅगेलानच्या ताफ्याबरोबर आलेल्या पिगाफेत्ताने एकाच माडापासून दारू, तेल आणि व्हिनेगर मिळवणारी माणसं पाहून त्याची सविस्तर नोंद केली. कोकणातल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. आपली माडी म्हणजे त्यांची 'तुबा'.

'अडोबो'चं कोडं इथेच सुटतं. मांस व्हिनेगर, मीठ, लसूण यांत शिजवून टिकवायची रीत तिथे आधीपासून होती. दमट हवेत दुसरा इलाजच नव्हता. स्पॅनिशांनी ती पाहिली आणि आपल्याकडच्या मुरवणाचं नाव तिला देऊन टाकलं. 1613 च्या तागालोग शब्दकोशात 'अडोबो दे लोस नातुरालेस', म्हणजे 'इथल्या लोकांचा अडोबो', अशी नोंद आहे. गोव्यात याच सुमाराचं दुसरं रूप दिसतं. पोर्तुगिजांचं वाइन-लसणातलं मांस तिथे माडाच्या व्हिनेगरमध्ये पडलं आणि त्याचा विंदालू झाला. गोव्यात पदार्थ बाहेरून आला आणि आंबट स्थानिक निघालं. फिलिपिन्समध्ये पदार्थ घरचा, नाव तेवढं परकं.

सोया सॉस अडोबोत चिन्यांमुळे आला, तोही सगळीकडे नाही. काही ठिकाणी तो अजिबात न घालता 'पांढरा' अडोबो करतात, बातांगासकडे हळद घालतात, बिकोलमध्ये नारळाचं दूध. 2021 मध्ये सरकारच्या मानक विभागाने अडोबोची 'प्रमाण' कृती ठरवायला घेतली, तेव्हा देशभर चिडचिड झाली. शेवटी ही सक्ती नाही, असा खुलासा करावा लागला. उद्या आपल्याकडे मिसळीचं प्रमाणित सूत्र शासन निर्णयात छापून आलं तर कोल्हापूर आणि नाशिक काय करतील, याची कल्पना करून बघा.

1565 ते 1815 ही अडीचशे वर्षं मनिला आणि मेक्सिकोतल्या आकापुल्कोदरम्यान गलबतं चालली. त्यातून मिरची, टोमॅटो, मका, शेंगदाणा, पेरू, कोको आणि आपण जिला शेंदरी म्हणतो ती आचुएते या बेटांवर उतरली. यातलं बरंच काही पोर्तुगिजांच्या हातून आपल्याकडेही आलं, म्हणून त्यांच्या आणि आपल्या भाजीबाजारात ओळखीच्या खुणा सापडतात. उलट्या दिशेने फिलिपिनो खलाशी माडी काढायची कला घेऊन गेले. मेक्सिकोच्या कोलिमा भागात आजही रस्त्यावर 'तुबा' विकतात, याच नावाने.

चिनी व्यापारी तर स्पॅनिशांच्याही आधीपासून येत होते. 1594 मध्ये मनिलात ख्रिस्ती झालेल्या चिन्यांसाठी बिनोंदो वसवलं गेलं. जगातला सर्वांत जुना चायनाटाउन म्हणून ते ओळखलं जातं आणि ओंगपिन रस्त्यावर खात हिंडायला अजून तेच उत्तम. नूडल्सना 'पान्सित' म्हणतात, तो दक्षिण चीनमधल्या होक्कियन बोलीतला शब्द 'झटपट होणारं' अशा अर्थाचा. मात्र गावागणिक पान्सित बदलला. केसोन प्रांतातल्या लुकबानचा 'पान्सित हाबहाब' केळीच्या पानाच्या तुकड्यावर मिळतो. वरून व्हिनेगर शिंपडायचं, पान तोंडाशी न्यायचं आणि सरळ खायला लागायचं. काटा-चमचा मागितलात तर विक्रेती हसेल. तिथे 15 मे रोजी सान इसिद्रोच्या सणाला घरं रंगीत 'किपिंग'ने सजवतात. तांदळाची पेज झाडाच्या पानावर पसरून वाफवायची आणि सुकल्यावर सोलून काढायची. आपल्या सालपापड्यांचीच ही रीत, फक्त तिथे त्या खाण्याआधी भिंतीवर झुंबरासारख्या लटकतात.

मनिलाच्या उत्तरेचा पाम्पांगा प्रांत स्वतःला देशाची पाकराजधानी म्हणवतो, आणि त्याचा हा दावा मला मान्य आहे. 'सिसिग' इथलाच. इथल्या कापाम्पांगान भाषेच्या 1732 च्या शब्दकोशात तो आहे, पण तेव्हा तो कच्ची पपई किंवा कच्चा पेरू मीठ, मिरी, लसूण, व्हिनेगर लावून खायचा प्रकार होता. पोटुशी बाईला मळमळलं की हे द्यायचे, म्हणजे तिथले डोहाळेसुद्धा आंबटच. पुढे त्यात डुकराचे उकडलेले कान आले. मग अमेरिकनांचा क्लार्क हवाई तळ आला. तळावरच्या मुदपाकखान्यात डुकराच्या मुंड्या नको असायच्या, त्या आसपासच्या लोकांना स्वस्तात मिळत. 1974 मध्ये आंहेलेस शहरात रेल्वे रुळांच्या कडेला टपरी चालवणाऱ्या लुसिया कुनानान, म्हणजे 'आलिंग लुसिंग', यांनी उकडलेले कान आणि गालफडं निखाऱ्यावर भाजली, बारीक चिरली, कांदा, कोंबडीची काळीजं आणि कालामान्सी या छोट्या लिंबाचा रस घातला. तोच आजचा सिसिग. 1991 मध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला, अमेरिकन गेले. सिसिग राहिला. 2017 मध्ये शहराने ठराव करून त्याला अमूर्त वारसा ठरवलं. टपरीच्या जुन्या जागेजवळ आलिंग लुसिंगच्या नावाचं उपाहारगृह अजून आहे. मनिलातल्या हॉटेलांत अंडं नि मेयॉनीज घालून जो येतो त्याकडे आंहेलेसकर नाक मुरडतात. धीर असेल तर याच प्रांतात लसूण-व्हिनेगरमध्ये परतलेले 'कामारू', म्हणजे शेतातले किडे, आणि 'बेतुते', म्हणजे भरलेला बेडूकही मिळतो. सान फर्नांदोतलं एव्हरीबडीज कॅफे त्यासाठी प्रसिद्ध आहे.

'कारे-कारे' हे नाव ऐकून भारतीयांचे कान टवकारतात. 1762 ते 1764 ब्रिटिशांनी मनिला ताब्यात ठेवली. ती मोहीम मद्रासहून निघाली होती आणि तिच्यात हिंदी शिपाई होते. त्यातले काही परत गेलेच नाहीत, मनिलापलीकडच्या काइंता आणि तायताय भागात त्यांनी संसार थाटले. त्यांनी आठवणीतली करी तिथल्या जिनसांत करायचा प्रयत्न केला, त्यातून कारे-कारे झाली, अशी कथा सांगतात. पाम्पांगाचे लोक ती आपली म्हणतात, काहीजण तिचं मूळ दक्षिणेतल्या मुस्लिम सुलतानांकडे नेतात. शिपाई राहिले हे इतिहासात आहे, बाकी वाद चालू द्या. पदार्थ म्हणजे बैलाचं शेपूट, केळफूल, वांगी, शेंदरीचा रंग आणि दाण्याच्या कुटाचा दाट रस्सा. गंमत अशी की तो मुद्दाम अळणी ठेवतात. खारटपणा बाजूच्या वाटीतल्या 'बागोओंग'ने, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याने, ज्याचा त्याने आणायचा. बाजूच्या अशा वाट्यांना 'सावसावान' म्हणतात. स्वयंपाकी पदार्थ अर्धाच करतो, उरलेला खाणारा पुरा करतो.

मधल्या बेटांवर इलोइलो शहराला 2023 मध्ये युनेस्कोने पाककलेचं सर्जनशील शहर ठरवलं. फिलिपिन्समधलं असं हे पहिलंच. 'ला पास बाचोय' खायला तिथल्या ला पास बाजारातच जावं. भांड्यात आधी पिवळ्या नूडल्स, त्यावर डुकराच्या काळजाचे काप, तळलेला लसूण, चुरलेली चिचारोन, म्हणजे डुकराची तळलेली कुरकुरीत कातडी. त्यावर हाडांचा उकळता रस्सा आणि वर कच्चं अंडं फोडलेलं, ते रश्श्याच्या धगीने सावकाश धरतं. रस्सा संपला की बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात.

पण आपल्या दृष्टीने इलोइलोचा खरा पदार्थ वेगळाच आहे. 'कादयोस, बाबोय, लांगका': म्हणजे तूर, डुकराचं मांस, फणस. आंबटपणासाठी त्यात 'बातवान' पडतो. हे फळ गार्सिनिया कुळातलं, आपल्या कोकमाचं भावंड. तूर, कच्चा फणस आणि कोकमाच्या जातीचं आंबट एका हंडीत, आणि तेही इतक्या दूरच्या बेटावर!

समोरच्या नेग्रोस बेटावर ऊस आणि बाकोलोदचा 'इनासाल'. कोंबडी व्हिनेगर, कालामान्सी, आलं, गवती चहात मुरवून बांबूच्या काडीवर भाजतात आणि शेंदरीच्या तेलाचा हात फिरवत राहतात. तेच तेल भातावरही ओतून मागा. शेजारच्या सेबू बेटावर भाजलेलं डुक्कर, लेचोन. कारकारच्या बाजारात ते किलोवर तोडून देतात आणि सोबत माडाच्या झावळीच्या विणलेल्या चौकटीत शिजवलेला भात, 'पुसो'.

उत्तरेच्या इलोकोसमध्ये आंबट उसाचं. तिथली उसाची दारू 'बासी'. ती घरी करायला सरकारने बंदी घातली म्हणून 1807 मध्ये लोकांनी बंड केलं आणि ते चिरडलं गेलं. वीगान या वारसा शहरातल्या प्लासा बुर्गोसमध्ये संध्याकाळी एम्पानाडाच्या टपऱ्या लागतात. तांदळाच्या पिठाची केशरी पारी लाटतात, आत कच्च्या पपईचा कीस, लसणी लोंगानिसा (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि एक अंडं, मग कडा दाबून सरळ कढईत. आकार आपल्या मोठ्या करंजीचा. हीसुद्धा खायची ती इलोकोसच्या काळपट व्हिनेगरमध्ये बुडवून.

बिकोल हा नारळ आणि मिरचीचा प्रांत, आणि तिथे कोकणी माणूस सर्वांत लवकर रुळेल. 'लाइंग' म्हणजे सुकवलेल्या अळूची पानं नारळाच्या दुधात, भरपूर मिरची घालून. अळू खाजू नये म्हणून आपण चिंच घालतो. तिथल्या बायका सांगतात, दूध उकळेपर्यंत डाव लावू नका. मायोन ज्वालामुखीच्या पायथ्याचं कामालिग गाव याच अळूच्या पुरचुंड्यांसाठी, 'पिनांगात'साठी नावाजलेलं आहे. नारळाच्या दुधात मिरच्या आणि डुकराचं मांस शिजवलेल्या पदार्थाचं 'बिकोल एक्स्प्रेस' हे जगभर पसरलेलं नाव मात्र बिकोलचं नाही. मनिलातल्या मालाते भागात 1970 च्या दशकात सेली कालाव यांनी ते आगगाडीवरून ठेवलं.

दक्षिणेत सुलू आणि मिंडानाओच्या मुस्लिम भागांवर स्पेनला कधीच पूर्ण पकड मिळाली नाही. तिथे डुक्कर नाही, मसाला आहे. ताउसुग लोकांच्या 'तियुला इतुम' या मांसाच्या रश्श्यात खोबरं कोळशासारखं काळं होईपर्यंत जाळून, कुटून घालतात. आपल्या काळ्या वाटणाच्या दोन पावलं पुढे. साम्बोआंगात सकाळी 'सात्ती' खातात, छोट्या सळ्यांवरचं मांस तिखट लाल रश्श्यात. इतक्या दूर जाणं शक्य नसेल तर मनिलाच्या कियापो भागात सोनेरी मशिदीभोवती हलाल खाणावळी आहेत. तिथला 'पास्तिल', म्हणजे केळीच्या पानात बांधलेला भात आणि वर कोंबडीचा कीस, स्वस्त आणि पोटभरीचा.

भारतीय पर्यटकांना 8 जून 2025 पासून तिथे 14 दिवस व्हिसाची गरज नाही, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्ली-मनिला थेट विमानही सुरू झालं. त्याच महिन्यात उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिनची तिथली पहिली यादी आली. ती मनिलाचा परिसर आणि सेबूपुरतीच, म्हणजे इलोइलो, बिकोल, इलोकोस, मिंडानाओ सगळे बाहेर. चौदा दिवस असतील तर मी दोन मनिलाला देईन आणि उरलेले या बाहेरच्यांना. शाकाहाऱ्यांनी आधीच सावध राहावं. 'मांस नको' सांगितलं तरी इलोकोसच्या 'पिनाकबेत' या मिश्र भाजीत बागोओंग असतोच आणि लाइंगमध्ये सुकी मासळी, कारण मासळीला तिथे कुणी मांस समजत नाही.

डिसेंबरमध्ये जाणार असाल तर 16 ते 24 तारखांना पहाटे उठा. नाताळाआधीच्या नऊ प्रार्थना अंधारातच होतात आणि चर्चबाहेर 'बिबिंगका'च्या भट्ट्या पेटलेल्या असतात. मातीच्या पसरट भांड्यात केळीचं पान, त्यात तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, खाली निखारे आणि वरच्या पत्र्यावरही निखारे. गोव्यातल्या बायका थरावर थर चढवत जो बिबिंक करतात, त्यालाही वरूनच धग लागते. नाव कुणाकडून कुणाकडे गेलं यावर एकमत नाही. विक्रेती पत्रा उचलते, वर खारवलेल्या अंड्याचे काप टाकते, पानासकट बिबिंगका हातात देते, आणि ओल्या नारळाचा चव भुरभुरायचा राहिला तर तो मागून घ्यायचा.